अफरवटच्या उतारावर एकच जोडी: ऑल-माउंटन स्कीच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील स्कीपटू पुण्यात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या स्थापत्य अभियंता आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही वैयक्तिक तपशील येथे दिलेले नाहीत. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे त्या जर्मनीच्या दक्षिण भागात होत्या आणि हिवाळी सुट्ट्यांत ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातील उतारांवर स्कीइंग शिकल्या. तिथले बहुतेक उतार रात्री यंत्राने दाबून सारखे केले जातात आणि नैसर्गिक बर्फ कमी पडला तर कृत्रिम बर्फ तयार करून पसरला जातो. अशा कठीण, एकसारख्या पृष्ठभागासाठी त्यांनी घेतलेली स्की कमरेपाशी, म्हणजे बुटाखालच्या सर्वांत अरुंद जागी, ७२ मिलिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर लांब होती. स्कीच्या कडेवर, म्हणजे तळाच्या बाजूच्या धातूच्या काठावर, झुकून आखीव वळण घेणे, बाहेरच्या पायावर भार देणे आणि वळणाच्या आकाराने वेग आवरणे या गोष्टी त्या स्कीवर त्यांना चांगल्या जमू लागल्या होत्या.

पुण्याला परतल्यावर त्यांनी स्कीइंगसाठी गुलमर्ग निवडले. पीर पंजाल रांगेच्या उत्तरेकडील उतारावर, सुमारे २,६५० मीटर उंचीवर वसलेल्या या ठिकाणी गोंडोलाचा, म्हणजे बंद डब्यांच्या रज्जुमार्गाचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगदूरीपर्यंत, म्हणजे साधारण ३,१०० मीटरपर्यंत जातो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडतो. यंत्राने दाबलेला भाग थोडा आहे. बाकीचा डोंगर जसा हिमवृष्टीने आणि वाऱ्याने घडवला तसाच स्कीपटूच्या वाट्याला येतो. जवळजवळ सगळा भरवसा पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हिवाळी वादळांबरोबर, येणाऱ्या हिमवृष्टीवर असतो आणि तो भरवसा दरवर्षी सारखा फळत नाही. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धेचा गुलमर्गमधील टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला होता.

तिरोलमधील जुनी जोडी घेऊन त्या पहिल्यांदा अफरवटवर गेल्या तेव्हा सकाळचा घट्ट बर्फ त्यांना सोपा गेला, मात्र गुडघाभर नवा बर्फ पडताच स्कीची टोके खाली जाऊ लागली आणि प्रत्येक वळण मांड्यांच्या जोरावर ओढून घ्यावे लागले. पुढच्या हिवाळ्यासाठी एक नवी जोडी घ्यायची, आणि ती एकच, सर्व प्रकारच्या बर्फावर चालेल अशी, म्हणजे ऑल-माउंटन, असे त्यांनी ठरवले. मी हिवाळ्याचा काही काळ गुलमर्गमध्ये असतो आणि परिचितांच्या स्कीची धार लावणे, मेण चढवणे ही कामे करतो. त्या ओळखीतून त्यांनी निवडीबद्दल विचारले, आणि पुढे फेब्रुवारीतील त्यांच्या दोन आठवड्यांच्या मुक्कामात बरेचसे उतार आम्ही बरोबर केले. ही मांडणी त्या काळात त्यांनी ठेवलेल्या टिपणांवर आणि माझ्या निरीक्षणावर आधारलेली आहे.

प्रश्न नेमका काय होता

अफरवटच्या एकाच उतरणीत बर्फाचे तीन-चार प्रकार भेटतात, हे या प्रकरणाचे मूळ आहे. डोंगराच्या वरच्या धारेपाशी वाऱ्याने दाबून घट्ट केलेला थर असतो आणि त्यावर कधीकधी वाऱ्याने कोरलेल्या लाटा उमटलेल्या असतात. त्याखालच्या खोलगट भागात वाऱ्याने आणून टाकलेला मऊ बर्फ साठतो. कोंगदूरीच्या आसपास अनेकांच्या मागांनी फुटलेला, दुपारपर्यंत ढेकळांसारखा झालेला बर्फ लागतो, आणि त्याखाली भूर्ज, फर आणि देवदाराच्या जातीच्या झाडांमध्ये सावलीत टिकलेला कोरडा बर्फ तर उघड्या जागी उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला पापुद्रा. आल्प्समध्ये सकाळी हवामान पाहून त्या दिवसाची स्की निवडता येते. इथे सकाळी साडेदहाला योग्य असलेली स्की त्याच उतरणीत पावणेअकराला अयोग्य ठरू शकते.

दुसरी अडचण प्रवासाची होती. पुण्याहून श्रीनगरला जाणाऱ्या देशांतर्गत विमानांत स्वस्त वर्गाच्या तिकिटावर चेक-इन सामानाची मर्यादा सहसा १५ किलो असते. धातूचे पत्रे असलेली मध्यम रुंदीची स्की जोडी साधारण साडेतीन ते चार किलोची, बूट स्कीला धरून ठेवणारे आणि पडताना सोडणारे बाइंडिंग दोन किलोंच्या आसपास, बूट पावणेचार किलो, काठ्या आणि लांब पिशवी मिळून अडीच किलो धरले, तर बारा किलो तिथेच संपतात. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधण्यासाठी लागणारी फावडी आणि लांब शोधकाठी यांचे दीड किलो वेगळे. उरलेल्या वजनात कपडे बसवणेच अवघड, तिथे दुसरी जोडी नेणे म्हणजे प्रत्येक वेळी अतिरिक्त शुल्क आणि श्रीनगरहून टंगमर्गमार्गे वर जाताना दुप्पट ओझे.

तिसरी गोष्ट पुण्याची होती. स्कीची धार लावून देणारे, तळ दुरुस्त करणारे दुकान पुण्यात हाताशी नाही. त्यामुळे घेतलेली जोडी घरच्या घरी राखता आली पाहिजे आणि पावसाळ्याचे चार महिने गंज न चढता टिकली पाहिजे, हीही अट निवडीत धरावी लागली.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत कमी खर्चाचा पर्याय होता तो जुनी अरुंद जोडी ठेवून जास्त बर्फाच्या दिवशी गुलमर्गमध्येच रुंद स्की भाड्याने घेण्याचा. भाड्याच्या स्की तिथे मिळतात, त्यांत चांगल्याही असतात, पण मोठी हिमवृष्टी झाल्यावर सगळ्यांनाच त्या हव्या असतात आणि उरलेल्या जोडीची धार कशी आहे, बाइंडिंग आपल्या बुटाला नीट जुळवले आहे का, हे रांगेत उभे राहून तपासणे कठीण जाते. बाइंडिंग योग्य ताणाला सुटले नाही तर गुडघ्याच्या अस्थिबंधांना इजा होऊ शकते. त्यामुळे हा पर्याय त्यांनी पूरक म्हणून ठेवला, मुख्य आधार म्हणून नाही.

दुसरा पर्याय ११२ मिलिमीटर कमरेच्या स्कीचा होता. गुलमर्गला येणारे परदेशी स्कीपटू बहुधा अशा रुंद स्की घेऊन येतात आणि ताज्या बर्फात त्यांचा आनंद पाहिला की मोह होणे स्वाभाविक आहे. या स्कींच्या आकारामागे एक इतिहास आहे. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीची एससीएक्स ही ठळक कमरेची स्की आली आणि घट्ट बर्फावरचे वळण सोपे झाले. २००२ च्या सुमारास शेन मॅकॉन्कीच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची स्पॅट्युला आली, जिची टोके वर वळलेली आणि मध्यभाग खाली होता, म्हणजे मधे उचललेल्या नेहमीच्या कमानीच्या अगदी उलट. खोल बर्फात तरंगणारी ही उलटी कमान पुढे सौम्य होऊन टोकाशी आणि शेपटाशी थोडी उचललेली, मधे मात्र पारंपरिक कमान ठेवलेली अशी रचना झाली, आणि आजच्या ऑल-माउंटन स्कीचा गाभा हाच आहे. ११२ मिलिमीटरची स्की या वारशातील खोल बर्फाची बाजू घेते. मात्र गुलमर्गच्या दोन आठवड्यांत खोल बर्फाचे दिवस किती मिळतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

तिसरा पर्याय ९८ मिलिमीटरचा होता आणि त्यातही दोन वाटा होत्या. एक स्की हलक्या लाकडी गाभ्याची, धातू नसलेली, जोडीमागे जवळपास एक किलो हलकी; दुसरीत लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे होते. हलकी स्की चढताना आणि विमानात सोयीची. धातूची स्की हातात जड लागते, पण कठीण आणि असमान पृष्ठभागावर तिचे टोक थरथरत नाही, उसळत नाही.

हे सगळे समोर ठेवल्यावर मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो माझ्या मते अशा प्रत्येक निवडीच्या आरंभी असायला हवा: कोणत्या बर्फात स्की कमी पडली तर फक्त आनंद कमी होईल, आणि कोणत्या बर्फात कमी पडली तर घसरून दुखापत होईल? मऊ खोल बर्फात टोक बुडाले तर माणूस पडतो, उठतो आणि अंग झटकून पुढे जातो. वरच्या धारेवर वाऱ्याने घट्ट केलेल्या थरावर कड निसटली तर मात्र थांबायला बराच उतार खाली जावा लागतो आणि वाटेत खडक असू शकतात. म्हणून सर्व बर्फांना समान गुण देऊन सरासरी काढण्यात अर्थ नव्हता. वरच्या धारेवरची पकड सर्वांत जड धरायची होती.

निर्णय आणि तयारी

त्यांनी ९८ मिलिमीटर कमरेची, टायटॅनलचे दोन पत्रे असलेली स्की निवडली. लांबीबाबत १७२ आणि १७९ सेंटिमीटर असे दोन आकार उपलब्ध होते. त्यांची उंची १६६ सेंटिमीटर आणि वजन साधारण ६० किलो. जुनी स्की १६० ची होती. टोक आणि शेपूट उचललेले असल्यामुळे कठीण बर्फावर स्कीची प्रत्यक्ष टेकणारी कड तिच्या लांबीपेक्षा बरीच कमी असते, म्हणून १७२ ची स्की पायाखाली जुन्या १६० सारखीच भासेल हे त्यांना पटले. १७९ ची त्यांना झाडांमध्ये भीती वाटली. ही भीती पूर्णपणे निराधार नव्हती आणि त्यांनी १७२ घेतली.

बाइंडिंग उत्पादकाने आखलेल्या रेषेवरच बसवले. ब्रेकची, म्हणजे बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या दोन दांड्यांची, रुंदी कमरेपेक्षा किंचित जास्त, म्हणजे १०० मिलिमीटरची ठेवली. फार रुंद ब्रेक झाडाच्या फांदीत किंवा दुसऱ्या स्कीत अडकतात आणि अरुंद ब्रेक तर स्कीवर बसतच नाहीत. त्यांच्या जुन्या बुटांचे तळ सपाट, पारंपरिक प्रकारचे होते. नवे बाइंडिंग तो तळ आणि हल्लीचा वक्र ग्रिपवॉक तळ असे दोन्ही घेणारे असल्याने पुढे बूट बदलले तरी अडचण येणार नव्हती. तरी बाइंडिंगच्या पुढच्या भागाची उंची सध्याच्या तळाला जुळवून, सुटण्याचा ताण कोष्टकाप्रमाणे ठेवून, श्रीनगरला निघण्यापूर्वी तो यंत्रावर तपासून घेतला.

धारेचे काम आम्ही काळजीपूर्वक केले. बाजूच्या कडेचा कोन ८८ अंश आणि तळाच्या कडेचा उतार १ अंश ठेवला. टोकाशी आणि शेपटाशी, जिथे स्की वर उचललेली आहे तिथे, हिऱ्याच्या कणांच्या पट्टीने धार थोडी बोथट केली, कारण पापुद्र्यात किंवा जुन्या मागात टोकाची तीक्ष्ण कड अडकून स्की नको तिथे वळते. तळाला थंड, कोरड्या बर्फासाठीचे कडक मेण दिले. थंडीत हिमकणांची टोके अणकुचीदार राहतात आणि मऊ मेणात रुततात, त्यामुळे वेग मरतो. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात अफरवटवर हा विचार आवश्यक असतो.

उतारावर काय घडले

पहिल्या दिवसांत नवा बर्फ नव्हता. चिल्लई कलानचे कडक थंडीचे चाळीस दिवस नुकतेच सरले होते, रात्री तापमान शून्याच्या बरेच खाली जात होते आणि कोंगदूरीखालचे दाबलेले उतार सकाळी दगडासारखे होते. इथे जुन्या ७२ मिलिमीटरच्या स्कीशी तुलना सरळ करता आली. कमरेची रुंदी अर्धी केली तर जुन्या स्कीची कड बुटाच्या मध्यरेषेपासून ३६ मिलिमीटरवर होती आणि नव्या स्कीची ४९ मिलिमीटरवर. तेरा मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण कड रोवताना बर्फ जो उलटा जोर देतो तो तितक्या लांबून घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. स्की निसटली नाही, मात्र एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला क्षणभर जास्त लागला आणि दुपारपर्यंत नडग्यांच्या बाजूचे स्नायू थकले. त्यांनी टिपणात लिहिले की पकड आहे, चपळाई कमी आहे. धातूच्या पत्र्यांचा फायदा वेग वाढल्यावर कळला: खडबडीत भागावर टोक फडफडले नाही आणि बुटाखाली स्की शांत राहिली.

वरच्या धारेवरचा घट्ट थर हा निवडीमागचा खरा कस होता. तिथे तळाच्या कडेचा १ अंशाचा उतार थोडा जास्त झाल्याचे जाणवले, कारण कड पकडायला स्की अधिक कलती करावी लागत होती. तरी आडवे घसरत उतरताना कड सबंध लांबीभर सारखी धरत होती आणि वाऱ्याने कोरलेल्या लाटांवरून जाताना जड स्कीने झटके पचवले. त्याच जागी एका सहकाऱ्याच्या हलक्या, बिनधातूच्या स्कीचे टोक प्रत्येक लाटेवर उसळत होते. या एका बाबतीत निवडीचा निकाल स्पष्ट लागला.

मग पश्चिमी विक्षोभ आला आणि सलग हिमवृष्टी सुरू झाली. गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद राहिला आणि आम्ही कोंगदूरीच्या खालच्या झाडांतच राहिलो. गुडघ्याच्या खालपर्यंत, कोरडा, हलका बर्फ होता. जुन्या स्कीच्या तुलनेत तळाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांशाहून जास्त वाढलेले असल्याने, आणि त्याहूनही टोक उचललेले असल्याने, स्की वर येत होती. अडचण स्कीपेक्षा सवयीत होती. तिरोलमध्ये बाहेरच्या पायावर भार द्यायची सवय लागलेली. खोल बर्फात असा एकाच पायावर भार दिला की तीच स्की बुडते आणि दोन्ही पाय दोन पातळ्यांवर जातात. दोन्ही पायांवर सारखा भार, पाय जवळ, आणि वळण कापण्याऐवजी स्कीला बर्फातून वर येऊ देण्याची वाट पाहणे, हे जमायला त्यांना एक पूर्ण दिवस लागला. ते जमल्यावर मागे रेलून मांड्या जाळण्याची गरज उरली नाही. तीव्र उतारावर ९८ मिलिमीटर पुरेसे ठरले. मंद उतारावर, झाडांमधून हळू जाताना, ६० किलोच्या माणसालाही ते अपुरे वाटले: वेग नसेल तर तरंगणे नाही, आणि झाडांत वेग नको असतो.

फुटलेल्या बर्फातली कामगिरी सर्वांत समाधानकारक होती. गोंडोलाखालचा खोलगट भाग उघडल्यावर तासा-दोन तासांत सगळीकडे माग पडतात आणि मऊ, घट्ट, पुन्हा मऊ असा बर्फ पायाखाली येत राहतो. रुंद, हलकी स्की अशा जागी प्रत्येक ढेकळावर वर उडते. अरुंद स्की त्यात घुसून अडकते. ही स्की सरळ कापत गेली. ऑल-माउंटन स्कीची खरी जागा हीच आहे असे माझे ठाम मत आहे, कारण गुलमर्गमध्ये कोऱ्या बर्फाचे क्षण मोजके असतात आणि त्यानंतरचे फुटलेल्या बर्फाचे दिवस पुष्कळ.

उन्हाने झालेला पापुद्रा मात्र कोणत्याही स्कीला सोपा नसतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या उघड्या उतारावर वरचा थर पापडासारखा मोडत होता आणि पाय आत गेल्यावर स्की आडवी फिरवता येत नव्हती. टोकाची बोथट केलेली धार आणि शेपटाचा थोडा उचललेला भाग इथे उपयोगी पडला. स्कीचे वजनही, कारण जड स्की पापुद्रा निर्णायकपणे फोडते, अर्धवट वर आणि अर्धवट आत राहत नाही.

मुक्कामाच्या अखेरीस दुपारी बर्फ ओला झाला. तळ आणि बर्फ यांमध्ये पाण्याचा थर जास्त झाला की स्की ओढली गेल्यासारखी थांबते, आणि रुंद तळाला हा ओढा अधिक जाणवतो. गुलमर्गच्या सपाट कुरणातून परतताना त्यांना बरेच अंतर काठ्यांनी ढकलत जावे लागले. कडक मेण काढून उबदार बर्फाचे मेण दिल्यावर फरक पडला, पूर्ण सुटका झाली नाही.

निर्णयाचे दोन क्षण

हिमवृष्टी थांबल्यानंतर दुसरा टप्पा उघडला त्या सकाळी पहिला क्षण आला. गुलमर्गच्या स्की गस्ती पथकाची देखरेख गोंडोलाच्या आसपासच्या ठरावीक खोलगट भागापुरती असते. त्याबाहेरचा अफरवटचा मोठा विस्तार अनियंत्रित आहे. काही गट धारेवरून बाहेर निघाले होते. नवी स्की आदल्या दिवशी झाडांत उत्तम तरंगली होती आणि या बाईंनाही जावेसे वाटत होते. आमच्याबरोबरच्या टंगमर्गच्या वाटाड्याने धारेजवळ वाऱ्याने आणून टाकलेला थर काठीने दाबून दाखवला: वर टणक, खाली पोकळ. त्याने जायचे नाही असे सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवरील हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला होता आणि ती घटना तिथे सर्वांना ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण निवडीच्या चर्चेत ती झाकली जाते. स्की अधिक सक्षम झाली की तिच्याबरोबर अधिक धोकादायक उतार आवाक्यात येतात, पण उताराचा धोका स्कीच्या रुंदीने तसूभरही कमी होत नाही. ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाची जागा शोधायला मदत करणारे रेडिओ यंत्र), फावडे आणि शोधकाठी प्रत्येकाकडे होती. ती गाडले गेल्यानंतरची साधने आहेत. त्या गस्तीच्या भागातच राहिल्या. बाहेर गेलेले गट त्या दिवशी सुखरूप परतले, आणि तरीही राहण्याचा निर्णय योग्यच होता. निर्णयाची पारख त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवरून करायची असते.

दुसरा क्षण पापुद्र्याचा. उतरणीच्या मध्यावर पृष्ठभाग बदलल्याचे कळल्यावर त्यांच्यापुढे दोन मार्ग होते: तसेच वळत उतरणे, किंवा आडवे जाऊन उत्तरेकडच्या झाडांच्या सावलीत शिरणे. त्यांनी दोन वळणे घेऊन पाहिली, दुसऱ्यात स्की अडकली, आणि त्या थांबल्या. आडवे जाण्यात वेळ गेला, पाय थकले, पण सावलीतला बर्फ कोरडा निघाला. अशा बर्फात तिसरे वळण घेण्याचा हट्ट गुडघ्याला महाग पडतो. पुढे उन्हाच्या बाजूची वाट टाळण्यासाठी त्यांनी सकाळीच उताराची दिशा आणि ऊन याचा विचार करून मार्ग ठरवायला सुरुवात केली, आणि माझ्या दृष्टीने मुक्कामातील सर्वांत मोठी प्रगती ही होती.

परिणाम

दोन आठवड्यांअखेर जोडी त्यांना मानवली. डोंगराच्या धारेवरच्या घट्ट थरावर सुरक्षित, फुटलेल्या बर्फात उत्कृष्ट, खोल बर्फात तीव्र उतारावर पुरेशी आणि मंद उतारावर कमी, दाबलेल्या उतारावर विश्वासार्ह पण थकवणारी, ओल्या बर्फात मध्यम, असा त्यांचा लेखी निष्कर्ष होता. एका उथळ जागी बर्फाखालच्या खडकाने तळावर खोल ओरखडा पाडला. तो मेणबत्तीसारख्या प्लास्टिकच्या कांडीने भरून घासून सपाट केला. कडेला इजा झाली नाही हे नशीब, कारण धातूच्या पत्र्यांजवळची कड तुटली तर घरी दुरुस्ती होत नाही.

पुण्यात आल्यावर कडा कोरड्या पुसून, गंजाचे ठिपके रबरी घासणीने काढून, तळावर आणि कडांवर जाड मेणाचा थर तसाच, न खरवडता ठेवला. जोडी भिंतीला न टेकवता खोलीच्या आतल्या कपाटात आडवी ठेवली आणि लांब पिशवीत बंद केली नाही. पावसाळ्यात बंद पिशवीत ओल कोंडते आणि जूनमध्ये चकचकीत असलेली कड सप्टेंबरात तांबूस निघते.

वेगळे काय करता येईल

लांबीचा निर्णय सर्वांत जास्त चर्चेचा ठरला. १७९ सेंटिमीटरने मंद उतारावरच्या खोल बर्फात नक्की मदत झाली असती. झाडांमधल्या वळणांची भीती खरी होती, पण शेपूट उचललेले असल्याने लांब स्कीही अपेक्षेपेक्षा सहज फिरते, हे त्यांना एका परिचिताची १७९ ची जोडी एका दुपारी वापरून पाहिल्यावर कळले. खरेदीपूर्वी अशी चाचणी होऊ शकली असती तर निर्णय बहुधा बदलला असता. मात्र भारतात खरेदीपूर्वी दोन लांबींची तुलना करायला मिळणे दुर्मिळ आहे, आणि डोंगराच्या धारेवरच्या पकडीसाठी १७२ कमी पडली नाही, हेही तितकेच खरे.

तळाच्या कडेचा उतार १ अंशाऐवजी ०.७ च्या आसपास ठेवणे वरच्या घट्ट थरासाठी अधिक चांगले ठरेल. अडचण अशी की तळाची कड एकदा जास्त घासली गेली की तो कोन कमी करायला सबंध तळ दगडी यंत्रावर घासावा लागतो, आणि ते काम पुण्यात घरी होत नाही. म्हणून नवी जोडी घेणाऱ्याने कारखान्यातून आलेला कोन आधी मोजावा आणि बाजूच्या कडेपासून सुरुवात करावी.

मेणाचेही नियोजन बदलता येईल. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात थंड आणि उबदार अशी दोन्ही मेणे बरोबर नेली आणि वाफ नसलेली साधी जुनी इस्त्री घेतली तर वजनात फारशी भर पडत नाही. इस्त्री धूर येईल इतकी तापवू नये, तेवढे पाळले म्हणजे पुरे.

पुढच्या हिवाळ्यासाठी त्यांनी हीच जोडी ठेवली आहे. मोठ्या हिमवृष्टीच्या दिवसांसाठी गुलमर्गमधील एका परिचित दुकानातून रुंद स्की आधी सांगून राखून ठेवायची, आणि आपल्या बुटावर तिचे बाइंडिंग आदल्या संध्याकाळीच तपासून घ्यायचे, असे ठरले आहे. अरुंद ७२ मिलिमीटरची जोडी त्यांनी गुलमर्गमध्ये शिकणाऱ्या एका मुलीला दिली.